अलाशियाहून आलेला बुधला

कार्पियाच्या घरात ‘तिकडे’ म्हणजे एकच जागा. अश्कलोनच्या किनाऱ्यावर मावळतीकडे तोंड करून उभं राहिलं की जे पाणी दिसतं, त्याच्याही पार पलीकडे तिच्या बापाचं गाव होतं. तिकडे अंजिरं मोठी होती, तिकडे वारा गोड होता, तिकडची माणसं दिलेला शब्द मोडत नसत. ते गाव पुढे जळून गेलं असं नावाडी सांगत, पण घरात त्याचा उल्लेख नेहमी असा व्हायचा, की जणू आत्ताही तिथे कुणीतरी चूल पेटवत असेल.

बापाने तिला खांद्यावर घेऊन नावेत चढवलं तेव्हा ती दुधाचे दात पडायच्या वयाची होती. आई, एरिथा, किनाऱ्यावरच राहिली. तिची स्वतःची आई अंथरुणाला खिळलेली होती, तिला टाकून कसं येणार? पुढच्या नावेनं येते, म्हणाली. पुढची नाव आली, तीत ती नव्हती. त्यानंतरही काही वर्षं नावा येत राहिल्या. बायका, पोरं, डुकरं, शिकारीचे कुत्रे उतरत राहिले. मग नावा यायच्या थांबल्या.

बाप दुनियो कुंभार होता. पोटासाठी चाक फिरवायचाच, पण त्याला वेड लागलं होतं ते मातीचं. तिकडची माती भाजून निघाली की लोण्यासारखी फिकट व्हायची आणि तिच्यावर काळपट तपकिरी रेघ कशी उठून दिसायची. इकडची माती भट्टीतून लालसर, डागाळलेली बाहेर येई. दुनियोने ओढे धुंडाळले, टेकड्या उकरल्या, माती गाळून गाळून पाहिली. दोन कानांचा खोलगट प्याला तो हुबेहूब तिकडच्यासारखा घडवायचा, आणि भट्टी उघडली की प्याला हातात घेऊन त्याचा लालसर रंग बघत बसायचा.

ज्याच्या रानातून तो माती आणायचा, त्या इथल्याच मूळच्या कनानी कुंभाराची मुलगी तलाया. तीच एकदा त्याला म्हणाली, की तुझं भांडं गोरं होत नसेल तर त्याला पांढरं नेसव. पांढऱ्या मातीचा पातळ लेप कसा द्यायचा, किती सुकू द्यायचा, हे तिने दाखवलं. वर्षाच्या आत ती त्याची बायको होऊन घरात आली. येताना बापाकडची गेरूची पुडी घेऊन आली. तिच्या माहेरी भांड्यांवर काळ्याबरोबर लाल रंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. एकट्या काळ्याला सोबत नको का, असं म्हणत तिने दुनियोच्या गोल गोल वेटोळ्यांमध्ये लाल भरला, आणि रेघा ओढून भांड्याच्या पोटावर चौकटी पाडल्या. दुनियो आधी रागावला. मग भांडी बाजारात ठेवली तशी उचलली गेली. मिसरच्या राजाच्या चाकरीत राहिलेले काही जुने शिपाई गाझाकडून येत, त्यांना कमळ हवं असायचं, तर तलायाने कमळही शिकून घेतलं. बघता बघता दुनियोच्या भांड्यांवर तिकडचं निम्मं आणि इकडचं निम्मं झालं, आणि समुद्रापलीकडून आलेल्या या लोकांना पलिश्ती म्हणणारं गिऱ्हाईक ‘पलिश्त्यांची भांडी’ म्हणून तीच मागू लागलं.

कार्पियाला तो लाल रंग डोळ्यांत खुपायचा. तलायाला ती मावशी म्हणायची. मावशीने भरवलेलं खायची, मावशीकडून केस विंचरून घ्यायची, पण चित्र काढायला बसली की फक्त काळा कुंचला उचलायची. तिला काढायचा असायचा एकच पक्षी. मान मागे वळवून चोच पंखात खुपसलेला. आई तिकडे वाळूत बोटाने काढून दाखवायची तो. इतरही कुंभार तसा पक्षी काढत, पण आई मानेखाली तीन आखूड रेघा ओढायची, वाऱ्याने पिसं उठावीत तशा. बाकीच्यांना ती चूक वाटायची. तलायाने त्या रेघांबद्दल कधी विचारलं नाही, आणि त्या पक्ष्यात कधी लाल भरला नाही.

दिवस गेले. दुनियो खोकून खोकून गेला. कार्पियाचं लग्न अखियो नावाच्या जाळी विणणाऱ्याशी झालं. तो भला माणूस तापाने गेला, मूलबाळ झालं नव्हतं. ती बापाच्या घरी परत आली तेव्हा तलायाने तिचं अंथरूण चुलीजवळ, पूर्वीच्याच जागी घातलं. आता चाक येबना फिरवत होता, तलायाचा मुलगा. तो कार्पियाला ताई म्हणायचा आणि दिवसभर तिची थट्टा करायचा. थंडी सरून समुद्र खुला झाला की कार्पिया बंदरावर जाऊन उभी राहायची. कुणाची वाट बघते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. येबना म्हणायचा, “ताई, तू एवढी बघत राहतेस, एखाद्या वर्षी ती नाव लाजून तरी येईल.” तलाया मात्र त्या दिवसांत फारशी बोलत नसे.

ज्या वर्षी नाव खरोखर आली, त्या वर्षी कार्पियाच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं.

नाव अलाशियाची होती. ते तांब्याचं बेट काही लांब नाही, वारा साथीला असला तर फार दिवस लागत नाहीत. नाखवा पुरियो तांबं उतरवून झाल्यावर किनाऱ्यावरच फडकं पसरून किरकोळ चिजा विकत बसला होता. त्यांत तेलाचा एक उभट बुधला होता, अरुंद गळ्याचा, अश्कलोनमध्ये कुणी घडवत नसे अशा घाटाचा. कार्पियाने तो घाट बघण्यासाठी म्हणून उचलला. फिरवला. पोटावर पक्षी होता, मान मागे वळवलेला, आणि मानेखाली तीन आखूड रेघा.

ती तिथेच वाळूत बसली. पुरियोला वाटलं बाईला भोवळ आली. त्याने पाणी दिलं. हे कुणी काढलं, असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की आमच्या बंदराच्या मागे पिदुर कुंभाराचं घर आहे, तिथलं आहे.

“त्याच्या घरात कोण कोण आहे?”

“तो गेला बिचारा. म्हातारी आहे. पलीकडून आलेली. एरिथा म्हणतात तिला.”

कार्पियाने ते नाव कित्येक वर्षांत दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

घरी येऊन तिने बुधला तलायापुढे ठेवला. तलायाने तो बघितला आणि बराच वेळ हातातली डाळ निवडत राहिली. मग उठली आणि सामान बांधायला लागली. भाजलेली डाळ, सुकी अंजिरं, जाड लोकरीची शाल. येबनाने म्हटलं, की बाई तीच कशावरून, आणि असली तरी ही नाव परत कधी यायची? तलायाने त्याला गप्प केलं. बंदरापर्यंत ती स्वतः पोचवायला आली. नाव सुटायच्या आधी म्हणाली,

“भेटली तर तिला सांग...”

“काय सांगू, मावशी?”

“काही नाही. सांग, पोरीचे केस मी रोज विंचरायचे. गुंता होऊ दिला नाही.”

पिदुरचं घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात भांडी सुकत होती, भट्टीजवळ एक धिप्पाड तरुण बाई लाकडं फोडत होती. कार्पियाने एरिथाचं नाव घेतलं. त्या बाईने तिच्याकडे, तिच्या शालीकडे, पायातल्या वाळूकडे बघितलं आणि विचारलं, “तुझं काय काम आहे आईकडे?”

इतक्या वर्षांत कार्पियाने आईला मनातल्या मनात म्हातारी केली होती, आजारी केली होती, मेलेलीही कल्पून पाहिली होती. पण आणखी कुणाची आई असेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

म्हातारी आत चुलीशी बसली होती. तिच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता, माणूस नुसतं सावलीसारखं दिसायचं. कोण आलंय, असं तिने विचारलं. कार्पियाने गुडघे टेकले आणि आपलं नाव सांगितलं. म्हातारीने ओरडा केला नाही. तिने हात पुढे करून कार्पियाचा चेहरा चाचपला, कपाळ, कान, हनुवटी. मग म्हणाली, “दात आले का गं सगळे?” आणि तिचं तिलाच हसू आलं, आणि हसता हसता तिचा चेहरा असा पिळवटला की ती तरुण बाई, थेवा तिचं नाव, धावत आत आली.

पहिले काही दिवस सणासारखे गेले. एरिथा कार्पियाचा हात सोडेना. शेजारणी येऊन बघून जात. थेवा मात्र भांडी जरा जोरातच आपटायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी कार्पिया आईला म्हणाली, की बुधल्यावरचा तुझा पक्षी मी लगेच ओळखला. म्हातारी काही बोलायच्या आत थेवा दारातून म्हणाली,

“तिचा कसला? तिला दिसतंय कुठे? सहा-सात वर्षं झाली, मीच काढते.”

कार्पियाने तिच्याकडे बघितलं. ज्या हाताच्या ओढीने समुद्र ओलांडून आलो, तो हात हा, या अनोळखी, रागीट बाईचा. त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि सकाळी ती थेवाच्या शेजारी जाऊन बसली. दोघींनी दोन भांडी रंगवली. दोघींचे पक्षी शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. थेवाने नाक मुरडलं. म्हणाली, “तुझा जरा जाडा आहे. अश्कलोनात चांगलं खायला घालतात वाटतं.” त्या दिवसापासून ती कार्पियाशी बोलू लागली.

आईशी बोलणं मात्र वाटलं तितकं सोपं नव्हतं. कार्पियाला वाटायचं आपण घरची भाषा बोलतो. पण तिच्या बोलण्यात तलायाच्या माहेरचे शब्द होते. भाकरी, घागर, पाऊस, लाडाने रागावणं, सगळं कनानी. एरिथा मध्येच थांबवून विचारायची, हे काय म्हणालीस? आणि एरिथाच्या बोलण्यात अलाशियाचे शब्द इतके भिनले होते की कार्पियाला थेवाकडे बघावं लागे. कधी कधी दोघी एखाद्या वस्तूसाठी तिकडचा खरा शब्द आठवायला बसत. एकदा मळलेल्या मातीच्या गोळ्याला काय म्हणायचे ते आठवता आठवता संध्याकाळ झाली. शब्द आला नाही. “राहू दे,” एरिथा म्हणाली, “आता तो शब्द लागणार तरी कुणाला?”

मनात असलेला प्रश्न कार्पियाने बरेच दिवस विचारला नाही. समुद्र खवळू लागला, नावा किनाऱ्यावर ओढून ठेवल्या गेल्या. आता थंडी सरेपर्यंत परतीची वाट बंद. एका पावसाळी दुपारी थेवा बाहेर गेलेली असताना तिने विचारलं, की तू पुढे का आली नाहीस.

एरिथाने सांगितलं. तिची आई गेल्यावर ती निघालीच होती. वादळात डोलकाठी मोडली, नाव इथे लागली, ती तापाने फणफणलेली. पिदुरच्या घरात तिला ठेवून बाकीचे पुढे गेले. बरी होईपर्यंत वर्ष उलटलं. ती येणाऱ्या-जाणाऱ्या नावाड्यांना दुनियो कुंभाराबद्दल विचारत राहिली. शेवटी एकाने बातमी आणली, की दुनियो अश्कलोनात आहे, त्याने कनानी बायको केली आहे, पाळण्यात मुलगा आहे. आणि पोरगी त्या बाईच्या मांडीवर बसून जेवते, खुशाल आहे.

“मी येऊन काय केलं असतं सांग. तुझ्या बापाला दारात उभं करून विचारायचं, हिला ठेवतोस की मला?”

“मी होते ना,” कार्पिया म्हणाली. “मी दर वर्षी बंदरावर उभी राहायचे.”

“ते मला कुणी सांगितलं नाही.”

“तू विचारलंस?”

बाहेर पाणी पन्हाळीतून पडत होतं. एरिथा म्हणाली, “नाही. विचारलं नाही. उत्तर काय येईल याची भीती वाटली. आणि खरं सांगू? मी दमले होते गं. पिदुर चांगला होता. त्याने एका शब्दाने कधी विचारलं नाही की जाणार आहेस का.”

कार्पिया उठून पावसात गेली. भट्टीच्या आडोशाला उभं राहून ती रडली, रागानेच जास्त. इतकी वर्षं मध्ये केवढा समुद्र आहे असं वाटत होतं, आणि होती ती जरा वारा असला की ओलांडता येईल एवढी खाडीच. थेवा परत आली तेव्हा ती तशीच भिजत उभी होती. थेवाने स्वतःच्या अंगावरचं कांबळं काढून तिच्या डोक्यावर टाकलं आणि म्हणाली, “ती झोपेत एका वेगळ्याच नावाने हाक मारायची. तुझ्या बापाच्या नाही. तुझ्या. आम्हाला वाटायचं, कुठल्या देवीचं नाव असेल.”

राग लगेच गेला नाही, पण त्यानंतर तो धरून ठेवणं कठीण झालं.

थंडीचे ते महिने कार्पिया आईजवळ होती. आयुष्यभर मागितलेलं हातात आलं होतं. तरी एक दिवस चुलीवर डाळ शिजत असताना तिच्या लक्षात आलं, की आपण वेगळ्याच वासाची वाट बघतोय. मावशी डाळीत जिरं घालायची तो वास. आता अश्कलोनात काय चाललं असेल? येबनाने भट्टी नीट लावली असेल का? मावशीचे गुडघे थंडीत दुखतात, तिला पाणी कोण आणून देत असेल? भांडं रंगवताना हात आपोआप गेरू शोधायचा, आणि या घरात गेरू नव्हता. थेवाने कुठूनसा आणून दिला. कार्पियाने बुधल्यावर चौकटी पाडल्या, मध्ये लाल भरला. एरिथाने भांडं डोळ्यांशी अगदी जवळ नेलं.

“हे काय लाल लाल दिसतंय?”

“मावशीचं आहे.”

मग कार्पियाने केस विंचरण्याचा निरोप सांगितला. एवढे दिवस तो तिने राखून ठेवला होता, का ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. एरिथा ऐकत राहिली. तिने कार्पियाला पाठमोरं बसवलं, तिचे केस मोकळे केले आणि बोटं फिरवत राहिली. “बरोबर सांगितलंय तिने,” एवढंच म्हणाली.

समुद्र खुला झाला. थेवाने सरळ सांगितलं, राहायचं तर राहा, जागा आहे. कार्पियाने आईला सोबत चलायची गळ घातली. पण नावेचं नाव काढलं तरी म्हातारी तोंड फिरवून चुलीकडे सरकायची. पुढच्या वर्षी येते, असं कार्पिया म्हणाली, आणि ते शब्द तोंडातून निघताच दोघींनाही कळलं की हे आपण पूर्वी कधीतरी ऐकलेलं आहे. एरिथाने तिचं तोंड हाताने बंद केलं. “शब्द देऊ नकोस,” म्हणाली. “जमलं तर ये.”

अश्कलोनच्या बंदरावर येबना होता. त्याने नाव लांबून बघितली होती. तलाया घरीच होती. दारात कार्पिया दिसली तशी ती भिंत धरून उठली, आणि मग काय करावं हे न सुचून परत बसली.

“तू येणार नाहीस असं धरून चालले होते मी,” ती म्हणाली.

“का?”

“मी आले असते का, तुझ्या जागी असते तर?”

रात्री चुलीपाशी तलायाने हळूहळू सगळं काढून घेतलं. शेवटी स्वतःचंही सांगितलं. दर वर्षी समुद्र खुला झाला की ती देवापुढे तेल ओतायची. नाव येऊ नये म्हणून मागायची. आणि कार्पिया बंदरावरून पाय ओढत परत आली की त्याच देवाला म्हणायची, एकदाची आण रे बाबा ती नाव. कार्पिया हे ऐकून हसली, आणि मावशीच्या दुखऱ्या गुडघ्यावर डोकं ठेवून पडून राहिली.

कार्पियाने अलाशियाचा उभट बुधला येबनाकडून घडवून घेतला. तो आधी कुरकुरला, म्हणाला हा काय बगळ्याचा गळा आहे. पण दोन भट्ट्यांत त्याला जमला आणि मग तो आपणच शोध लावल्यासारखा गिऱ्हाइकांना दाखवू लागला. कार्पिया पूर्वी बंदरावर जायची तेव्हा तिला आईचा चेहराही धड आठवत नसे. आता चेहरा माहीत होता, आवाज, खोकला, हातांचा खरखरीतपणा माहीत होता, आणि त्यामुळे पूर्वी कधी तुटलं नव्हतं इतकं आतून तुटायचं.

पुढच्या वर्षी पुरियो आला तो निरोप घेऊनच. म्हातारी थंडीत गेली. त्रास झाला नाही. थेवाने तिला अंगणाच्या कडेला पुरलं आणि धाकटी बहीण म्हणून ताईला निरोप द्यायला सांगितलं.

मेलेल्या माणसासाठी गाऊन रडायचं असतं, आणि ते गाणं मुलगी आईकडून शिकते. कार्पियाला तिकडचं एकही येत नव्हतं. ती कोरड्या डोळ्यांनी अंगणात बसून राहिली. शेजारच्या बायका जमल्या, कुजबुजू लागल्या. तेव्हा तलाया बाहेर आली. तिने आपले पांढरे केस सोडले, डोक्यावर माती घेतली, कार्पियाच्या शेजारी बसली आणि आपल्या माहेरच्या भाषेत, आपल्या आईकडून शिकलेलं गाणं म्हणायला लागली. मेलेलीचं नाव घ्यायची जागा आली तिथे तिने एरिथाचं नाव घेतलं, मोठ्याने, जवळच्या माणसाचं घ्यावं तसं. दुसऱ्या फेरीला कार्पियाने सूर मिळवला, आणि मग तिला रडू आलं.

संध्याकाळी बायका गेल्या. येबनाने चूल पेटवली. तलायाचा आवाज बसला होता. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आता मला तिच्याबद्दल सांग. मोठं नको. बारीकसारीक सांग.”

कार्पियाने आठवून सांगायला सुरुवात केली. झोपेत घोरायची. डाळीत मीठ जास्त घालायची आणि कबूल करायची नाही. हसली की तोंडावर हात धरायची. कोंबड्यांना शिव्या द्यायची, आणि त्या शिव्या मात्र तिला तिकडच्या भाषेतल्या सगळ्या आठवत होत्या.

“कुठल्या?” तलायाने विचारलं. “एखादी म्हणून दाखव.”